थोरला बांबू

"मग म्हाताऱ्यांना शिकवायचं तरी कसं, गुरुजी?" लिआंगने विचारलं.

गुरू शेन कन्फ्यूशियसच्या परंपरेतले. ओसरीवर बसून ते तांदळातले खडे वेचत होते.

"काय शिकवायचंय?"

"डोंगर राखायला. सरसकट बांबू तोडला, मुळं सुटली, दरड आली. माझा दादा त्यात गेला. तीन महिने झाले. आणि उरलेल्या उतारावर कुऱ्हाड चालूच आहे. मी रोज वेशीपाशी उभा राहून ओरडतो. तोडणारे म्हातारे हसतात. तो म्हातारा कू म्हणतो, तुझ्या दुधाच्या दातांपेक्षा माझी कुऱ्हाड जुनी आहे."

"असेल."

लिआंग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

"ऐकलं मी," गुरू म्हणाले आणि पुढचा खडा वेचला.

सकाळी काठी टेकत ते डोंगर चढले. लिआंग मागे. कूपुढे जाऊन गुरू कमरेत वाकले.

"कूबाबा, मला बांबू तोडायला शिकवा."

तोडणारे खो खो हसले. पांढऱ्या दाढीचा विद्यार्थी! लिआंगची मान खाली गेली. ज्या डोंगराने दादाला गिळलं, तिथे आपलेच गुरू कुऱ्हाड मागत होते...

कू मात्र खुलला. "हा पिवळा पडलाय ना, हा आजा. आज्याला तोडायचं."

"थोरांना मान द्या, असं जन्मभर शिकवलं मी. आज्याला कुऱ्हाड कशी लावू?"

"त्याचं जगून झालंय हो. बापाला राखायचं. नातवाला बोटही लावायचं नाही. माझ्या बानं शिकवलंय."

"आणि हा?" गुरूंनी कोंबाशेजारचा हिरवा बांबू दाखवला.

"तो थोरला भाऊ. धाकटा मूळ धरेपर्यंत थोरल्याला..."

कू थांबला.

त्याने मागे पाहिलं. मागचा उतार बोडका होता. मग त्याने लिआंगकडे पाहिलं.

कुऱ्हाड त्याने हळूच खाली ठेवली. आता कुणी हसत नव्हतं.

तीन महिन्यांचे शब्द लिआंगच्या ओठांवर आले. गुरूंनी त्याचं मनगट धरलं, आणि कूच्या जवळ सरकून दुसरा हात कानामागे नेला.

"पुन्हा सांगा, कूबाबा... मला जरा कमी ऐकू येतं."