लाल गाडी आणि घरघरणारे पंखे

गाड्या बोलत असत आणि माणसं ऐकत नसत, त्या काळची ही गोष्ट. एका लाल स्पोर्ट्स कारला आपल्या रेडिएटरच्या दोन जुन्या पंख्यांची फार लाज वाटे. “सिग्नलला म्हाताऱ्यांसारखे घरघरता! शेजारच्या गाड्या हसतात मला.”

शेवटी मालकही त्या घरघरीला कंटाळला, त्याने नवे पंखे आणले आणि घाईत स्वतःच बसवताना वायरी उलट्या जोडल्या. तपासायला जाळीसमोर धरलेला कागद उडून त्याच्या नाकावर आपटला. “काय जोर आहे!” तो खूश झाला.

भंगाराच्या डब्यातून जुने पंखे ओरडले, “अगं, कागद जाळीला चिकटायला हवा! वारा आत ओढायचा असतो, बाहेर फुंकायचा नसतो!”

“जळता मेले माझ्यावर,” गाडी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मालकाची वरात निघाली. बँडच्या मागे गाडी मुंगीच्या पावलांनी चालली आणि तिसऱ्या गाण्याला वाफ सोडून बंद पडली. वऱ्हाडी तिला ढकलू लागले. नवरदेवही फेटा सावरत ढकलत होता.

जुने पंखे परत बसले. “बाईसाहेब, घरघरू का?”

“घरघरा,” गाडी म्हणाली. “आणि सिग्नलला कुणी हसली, तर आणखी मोठ्याने.”