उभं खत, आडवं खत

बाळांनो, फार मागची गोष्ट. तेव्हा गाई तोंडावर बोलायच्या, आणि माणसं तेव्हाही ऐकत नव्हती.

एका गावात दोघे भाऊ होते. दोघांत मिळून एक गाय, तिचं नुकतं झालेलं वासरू आणि नदीकाठचं कुरण. कुरणाच्या गवतावर गाईचं दूध, आणि त्या दुधावर वासराचा जीव.

कुरणाला वर्षातून एकदा कोंबड्यांचं खत घालायचं. त्यासाठी बापाने चाकांची लाकडी पेटी केली होती. पेटीच्या तळाला फट, फटीवर सरकती फळी. फळी जितकी ओढाल तितकं खत गळणार.

बापाने मरताना बजावलं होतं, "हे खत उष्ण असतं रे, जास्त झालं की जाळतं. फळी अर्धीच उघडा. एकाने पेटी कुरणाच्या लांबीने उभी फिरवायची, दुसऱ्याने रुंदीने आडवी. दोघांचं मिळून पुरतं."

पुढे भाऊ भांडले, बोलेनासे झाले.

खत घालायचा दिवस आला. सकाळी थोरला पेटी घेऊन निघाला. मनात म्हणाला, 'धाकटा आळशी. अर्ध्याचं पाव करील मेला.' आणि फळी पुरी ओढली.

गाय ओरडली, "अरे, फळी बघ!"

"गप गं. तुला नुसतं खायला कळतं."

दुपारी धाकटा आला. 'दादा कंजूष. चिमूटभर टाकलं असेल.' त्यानेही फळी पुरी ओढली.

गाय पुन्हा ओरडली, "सकाळीच भरपूर पडलंय! खाली बघ!"

"दादाची बाजू घेतेस होय?"

मला सांगा, एकाने तरी वाकून जमीन बघितली असती तर कंबर मोडली असती का मेल्यांची?

बघता बघता गवत पिवळं पडलं, मग करपलं. गाईची कास आटली. वासरू ढुशा देऊन देऊन थकलं आणि खाली बसलं. आणि हे दोघे त्याच्या डोक्यावर उभे राहून, "तू जाळलंस!" "तूच जाळलंस!"

तेव्हा गाय जी भडकली!

"दाखवा मला! तुझा उभा पट्टा कुठला नि तुझा आडवा कुठला? ठेवा बोट! नाही ना ठेवता येत? काडी न् काडी दोघांनी मिळून जाळलीत. एकमेकांवर भरवसा नव्हता, तर एकमेकांची डोकी फोडायची होती! माझ्या लेकराचा घास का जाळलात?"

तिने हिसका देऊन दावं तोडलं. वासराला चाटून उठवलं, पुढे घातलं आणि नदी उतरली.

"आई, चुकलं! परत फिर!" दोघे काठावरून हाका मारत राहिले. भांडणानंतर पहिल्यांदाच एका सुरात.

तिने मान वळवली नाही. पलीकडच्या कुरणात वासरू जगलं. इकडे दोघांच्या चुलीवर दुधाचं भांडं पुन्हा चढलं नाही.

म्हणून सांगते: सोबत्याला न विचारता त्याच्याही वाट्याचं करायला जाल, तर केलेलं सगळं जाळून बसाल.