पाखरांनी परत नेलेले शब्द

एका राज्यात माणसांची बोली पशुपक्ष्यांच्या नावांवर चालत असे. शूराला वाघ म्हणत, मूर्खाला गाढव, लाडक्या लेकीला चिमणी. त्याबद्दल दर सुगीला पहिली कणसं वळचणीला पाखरांसाठी बांधायची, अशी रीत होती. राजा उग्रकेतूने ती मोडली. "बोली आमची. कणसं कोठारात टाका," तो म्हणाला. तेव्हा रानातल्या साळुंकीने शाप दिला, आणि ती सगळी नावं माणसांच्या तोंडून नाहीशी झाली.

लोकांनी निभावून नेलं. पैलवान नुसत्याच मिशा पिळू लागले, कवी गप्प बसले. राजाची पाच वर्षांची लेक मात्र अंथरुणाला खिळली. तिची आई तिला "चिमणे" म्हणे. आई देवाघरी गेल्यावर राहीदाई तशीच हाक मारू लागली होती. ती हाक बंद झाली, तशी पोर भिंतीकडे तोंड करून निजली. अन्नाला शिवेना. राहीदाई साळुंकीला शोधत रानात गेली.

साळुंकी म्हणाली, "ज्यांच्या नावाने तुम्ही शिव्या देता, त्या गाढव, घुबड आणि साप या तिघांना नावं परत द्यायला राजी कर. मग ये."

राहीला त्यांची नावंही घेता येईनात. "लांब कानांचा कुठे राहतो?" असं विचारत ती हिंडली. गाढवाचं ओझं तिने घाटमाथ्यापर्यंत डोक्यावर वाहिलं. भरदिवसा कावळे घुबडाला टोचत होते, त्याच्यावर पदर धरून ती दिवस मावळेपर्यंत उभी राहिली. साप कात टाकत होता, त्याच्या शेजारी न किंचाळता बसली. हे काम सर्वांत अवघड गेलं.

तिघेही म्हणाले, "आमची ना नाही."

साळुंकी म्हणाली, "आता ज्याने रीत मोडली त्यानेच ती पाळावी. पहिला शब्दही त्याच्याच तोंडून निघावा."

राही राजापुढे उभी राहिली. "महाराज, शिडी आणवा."

"आम्ही शिडी चढावी?"

"पोर चार दिवस उपाशी आहे, महाराज."

राजा चढला आणि त्याने कणसं बांधली. नावं परतू लागली, तसा राहीच्या ओठांवर राजासाठी गाढव हा शब्द येऊन थांबला. घाटातलं ओझं आठवून तिने तो गिळला.

"राजकन्ये" याखेरीज राजाने लेकीला कधी हाक मारली नव्हती. तो अंथरुणापाशी बसला, खाकरला.

"चिमणे."

पोर वळली. "आई असं म्हणायची."

"आता आम्ही म्हणू."

"मग भरवा. आई भरवायची."

राजाने दूधभात कालवला. हा घास चिऊचा, हा काऊचा, असं राहीने हळूच शिकवलं आणि राजा तसंच म्हणत गेला. राज्याची बोली पूर्ववत झाली. बाहेर चिमण्या कणसं टिपत होत्या, आणि पोरीने वाटी चाटूनपुसून संपवली.