वीणेचा पहारा

"बुवा, वीज काय नामापेक्षा मोठी आहे?"

रंगरावांचा आवाज चढला होता. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाचे ते अध्यक्ष आणि चिंतामणबुवांचे थोरले शिष्य. उघड्या माळावर पत्र्याचा मंडप, लोखंडी खांब, खाली बायापोरांसह सारा गाव बसलेला. पश्चिमेकडून आभाळ काजळत चाललं होतं.

बुवांनी मोबाईलवर आलेला इशारा पुढं केला. विजांसह जोराचं वादळ येतंय. उघड्यावर, झाडाखाली, पत्र्याच्या आडोशाला थांबू नका. पक्क्या इमारतीत जा.

"वाचलंय की! माईकवरून मीच सांगितलं सगळ्यांना."

"आणि पुढं काय म्हणालास?"

"म्हणालो, नामाच्या मंडपात भीती कसली?"

"म्हणून कुणी उठलं नाही..."

रंगराव तडकले. "उठायचं कसं? सहा दिवस वीणा खाली टेकली नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. आज मोडलं तर शेजारचं गाव तोंडात शेण घालील. अखंड म्हणजे अखंड!"

माळाच्या टोकाला वीज चमकली. गडगडाट यायला वेळ लागला नाही.

एक लेकरू किंचाळलं. आईनं त्याचं तोंड पदरात दाबलं आणि रंगरावांकडं पाहिलं. सगळेच त्यांच्याकडं पाहत होते. त्यांनी नुसती मान हलवली असती, तरी मंडप रिकामा झाला असता.

त्यांनी मान हलवली नाही.

"पहाऱ्याला कोण आहे?" बुवांनी विचारलं.

"लहानू न्हावी."

लहानू वीणा गळ्यात घालून मधल्या खांबापाशी उभा होता. ओठ हलत होते. नाम ऐकू येत नव्हतं.

"त्याचा पहारा तू घे."

"माझा रात्री आहे, बुवा."

"आत्ता घे."

लहानूनं घाईघाईनं वीणा रंगरावांच्या गळ्यात घातली आणि मागं सरला. बुवा पुढं आले. त्याच खांबाला पाठ लावून मांडी घालून बसले. डोळे मिटले.

"बुवा, तिथं नका बसू..."

"का रे? नामाच्या मंडपात भीती कसली?"

वारा घुसला. पत्रे थडथडू लागले. रंगरावांच्या हातावरचे केस ताठ उभे राहिले. वीणेच्या तारा आपोआप गुणगुणू लागल्या. त्यांनी दचकून खाली पाहिलं.

त्यांचीच बोटं थरथरत होती.

मंडप पांढराफटक झाला. आवाज असा फुटला की माईक गप्प झाला.

"उठा बुवा! उठा सगळे! शाळेत चला!"

बुवा हलले नाहीत. "आणि वीणा?"

रंगरावांनी गळ्यातल्या वीणेकडं पाहिलं. मग ती छातीशी कवटाळून ते भर पावसात माळाखालच्या शाळेकडं धावत सुटले. मागं अख्खा गाव. लहानूनं बुवांना बगलेत धरून उचललं.

शाळेची स्लॅबची खोली. दारं-खिडक्या लावलेल्या. अंधारात नुसते श्वास आणि लेकरांचे हुंदके. वर माळावर काहीतरी कडाडून फुटलं. काय, ते कुणाला दिसलं नाही. बघायला कुणी गेलंही नाही.

रंगराव मधोमध उभे होते. ओलेचिंब, वीणा गळ्यात. बोटं अजून थांबत नव्हती. कधी कोण जाणे, त्यांच्या ओठांतून नाम सुरू झालं. कुणीतरी मागून तेच नाम धरलं... मग सगळ्यांनी.

गडगडाट लांब गेला. एकानं कडीला हात घातला.

"थांब," बुवा म्हणाले. "शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास जाऊ दे."

तो बसला.

रंगराव बुवांपाशी वाकले. आवाज पार बसला होता.

"वीणा टेकली नाही, बुवा. पण मंडप सोडला... मी घाबरलो. सप्ताह मोडला का हो?"

बुवांनी थरथरत्या तारांना कान लावला.

"सहा दिवसांत, रंगा, वीणा आज सुरात लागली."