साळूचं काम

फार वर्षांपूर्वी, पिठाची गिरणी कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती आणि घराघरात जात्याच्या घरघरीनंच उजाडायचं, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याला खडकोली नावाचं गाव होतं. तिथं साळू पाथरवटीण राहायची. दळून दळून जातं गुळगुळीत झालं की त्यातून पीठ पडत नाही, दाणे तसेच बाहेर येतात. मग छिन्नी-हातोडीनं ठोकून ते पुन्हा खडबडीत करावं लागतं. त्याला टाकी लावणं म्हणतात. साळू खांद्याला झोळी अडकवून दारोदार फिरायची आणि हाळी द्यायची, "जात्याला टाकीऽऽ!" असं म्हणतात, की ती हाळी ऐकून जाती आपोआप उंबऱ्याकडे तोंड करायची.

त्या गावात एक रीत होती. नातू झाला की मुलगा बापाला, बाप नसला तर आईला, नवी घोंगडी द्यायचा. ओटीवर ती अंथरायची, बापाला कुंकू लावून तिच्यावर बसवायचं आणि म्हणायचं, "बाबा, आता काडी हलवायची नाही." त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं घोंगडी सोडायची नाही. पाणी जागेवर, जेवण जागेवर. एखादा म्हातारा तांब्या घेऊन उठलेला दिसला, तर लोक त्याच्या पोराला नावं ठेवायचे.

घोंगडीवर बसलेली माणसं दोन-चार पावसाळ्यांत विसरायला लागायची. आधी वार, मग वाटा, मग माणसं. गाव म्हणायचं, वयच ते.

साळूला मूलबाळ नव्हतं, म्हणून तिला घोंगडी द्यायलाही कुणी नव्हतं. सत्तरी उलटली तरी ती फिरत होती आणि कोणत्या घरात कोण कधी जन्मलं, हे तिला तोंडपाठ होतं. पण तिच्याहून पाच वर्षांनी मोठा असलेला हैबती, तिचा एकुलता एक भाऊ, तीन वर्षं घोंगडीवर होता.

त्या वर्षी भाऊबीजेला साळू ओवाळायला गेली. हैबतीनं ताटाकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाची गं तू, बाई?"

साळूनं कसंबसं ओवाळलं आणि परसात जाऊन पदरात तोंड खुपसलं. आईबाप गेले, नवरा गेला. तिला 'साळे' म्हणणारा एवढा एकच माणूस जगात उरला होता.

दुसऱ्या दिवशी ती झोळी घेऊन पुन्हा आली. "दादा, ऊठ. चल माझ्याबरोबर."

हैबतीचा मुलगा धुळाजी आडवा आला. "आत्या, काय मांडलंयस? बाबांना घोंगडीवरून उठवलंस तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

"घोंगडी सोडायची नाही, एवढीच रीत ना रे?"

"एवढीच."

साळूनं घोंगडी झटकली आणि भावाच्या खांद्यावर टाकली. "घे. कुठं सोडलीय?"

धुळाजीची बायको तुळसा दाराआड फसकन हसली. धुळाजी कुरकुरला, "आणि पडले म्हणजे?"

"पडला तर उचलीन. हात धरूनच नेणार आहे. पण बसल्या जागी हरवतोय, त्याला कुठून उचलू?"

पहिल्या दिवशी दोघं वेशीपर्यंतही पोचली नाहीत. शेजारच्या ओटीवर हैबती दम खात बसला. पारावरची माणसं ओरडली, "साळे, भावाला जत्रेला नेतीस का?"

"नेतीय! तुम्हीही या, म्हाताऱ्यांचा पाळणा रिकामाच आहे!"

दुसऱ्या दिवशी एक घर जास्त. साळूनं त्याला जड काम कधी दिलं नाही. ती टाकी लावायची, तो दगडावर पाणी शिंपडायचा. ती जात्याचा खुंटा धरायची, तो जात्याची कड पुसायचा. दाण्यांतले खडे वेचायचा, शेंगा सोलायचा. वाटेत ती विचारत राहायची, "दादा, आता कुणाचं घर?" तो चुकायचा. ती म्हणायची, "बरं, उद्या सांग."

थंडी सरली तेव्हा झोळी हैबतीच्या खांद्यावर आली होती. पळस फुलला तेव्हा तो एका दारापुढं आपण होऊन थांबला आणि म्हणाला, "इथलं जातं बानं घडवलंय." असं म्हणतात, की त्या दिवशी साळूच्या छिन्नीखाली दगडातून ठिणगी नाही, अबोलीची फुलं उडाली.

तरी तिचं नाव काही त्याच्या तोंडी येत नव्हतं. घरं आठवली, झाडं आठवली, बैलांची नावं आठवली. ती मात्र अजून 'बाई'च होती.

पुन्हा भाऊबीज आली. गल्लीतल्या बायका दारात जमल्या. हैबती पाटावर बसला. साळूनं कुंकू लावायला हात पुढं केला, तसा त्यानं तो मध्येच धरला. अंगठ्यापाशी जुना वण होता. त्यानं त्यावरून बोट फिरवलं.

"माझ्याच हातून छिन्नी निसटून हे लागलं होतं," तो म्हणाला. "बा मला मारील म्हणून तू सांगितलंच नाहीस. होय ना गं, साळे?"

असं म्हणतात, की त्या क्षणी खडकोलीतली सगळी जाती कुणी हात न लावता एकेक फेरा फिरली, आणि घराघरात मूठभर पीठ पडलं.

त्यानंतर गावातल्या बऱ्याच घोंगड्या खांद्यावर चढल्या. सगळ्यांचं सगळं परत आलं, असं नाही. हैबतीचंही नाही. वार त्याला शेवटपर्यंत चुकायचा. पण साळू जिवंत असेपर्यंत तिला तिच्या नावानं हाक मारणारा होता.

साळू कधी गेली, ते कुणी नक्की सांगत नाही. कुणी म्हणतं, ती झोळी घेऊन डोंगर चढली, कारण वरच्या देवांच्या जात्याला टाकी हवी होती.

आता खडकोलीत गिरणी आहे, नळही आलाय. पण अजूनही सकाळी प्रत्येक घरात एक हलकं काम मुद्दाम मागं ठेवतात. तुळशीला पाणी घालायचं, वालाच्या शेंगा सोलायच्या, शेजारी वाटीभर ताक नेऊन द्यायचं. ते घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं. त्याला साळूचं काम म्हणतात. बाहेरगावहून आलेल्या नव्या सुनेला ठाऊक नसतं. ती बिचारी सगळं उरकून मोकळी होते, आणि मग आतून आवाज येतो, "माझं साळूचं काम कुणी केलं गं?"

सून जीभ चावते, आणि निवडलेल्या तांदळात पुन्हा चार खडे टाकून सूप सासूबाईंपुढं ठेवते.