गोडीचा धोंडा

धामणटेकच्या खिंडीत एक काळा धोंडा आहे. त्याच्या आडोशाला कुणी न लावता मिरची उगवते, तरी त्याला म्हणतात गोडीचा धोंडा. पाहुणे याचं कारण विचारतात, तेव्हा गावातल्या चंद्राक्का खाली बसून सांगतात ते असं.

फार पूर्वी, कालवणाला तिखटपणा मिऱ्यांचा असे तेव्हा, मिठाचे बैल घेऊन आलेल्या लमाणांनी पाटलांच्या घरी मूठभर लाल शेंगा दिल्या. समुद्रापलीकडचं पीक, कालवणात घालतात, एवढंच सांगून तांडा पुढं गेला. विषारी असल्या तर? चाखून बघायचं कुणी? म्हैस दुभती होती. कुत्रं वास घेऊनच पळालं. राहिली नवी सून, येसू.

तिचं माहेर घाटाखाली. लग्न झाल्यापासून तिला कुणी तिकडं धाडलंच नव्हतं. सासू म्हणाली, "खा गं. काही झालं नाही तर पंचमीला माहेरी जा. पण तोंड वाकडं केलंस, तर घाट विसरायचा."

नवरा दोर वळत बसला होता. तो वळतच राहिला.

येसूनं शेंग चावली. जिभेवर निखारा ठेवल्यासारखं झालं म्हणे, कान वाजू लागले. पण डोळ्यांसमोर आईचं अंगण होतं. देठापर्यंत खाऊन ती म्हणाली, "गोड आहे."

मग काय, सगळ्यांनी आपापली शेंग कचाकचा चावली. सासरे रांजणाकडे धावले, सासू अंगणभर थयथयाट करत फिरली.

"खोटारडे! जीव घेतेस आमचा?"

"तुम्हीच म्हणालात ना आत्याबाई, तोंड वाकडं करायचं नाही."

"वर जीभ चालवतेस! बघते आता कशी जातेस माहेरी!"

पंचमी आली आणि गेली. पुढच्याही. त्याच घरात मिरचीशिवाय कुणाला घास उतरेना, आणि रोज ती वाटायची येसूनंच. उरलेल्या वेळात ती खिंडीत येऊन बसे, कारण घाटाखालचं गाव तेवढं इथूनच दिसतं. तिच्या ओच्यातून सांडलेल्या बियांची ही रोपं, असं सांगतात.

आजही धामणटेकची नवी सून पहिल्यांदा माहेरी निघाली की सासू तिला धोंड्यापाशी आणून इथली मिरची चावायला देते. "गोड आहे" म्हटल्याशिवाय तिला पुढं सोडत नाहीत. मुली म्हणतात. डोळ्यांना पाणी आलेलं मात्र चालतं. मिरचीचंच असणार, म्हणून कुणी विचारत नाही.