शेजारचं विरजण

एकदा एका समुद्रकाठच्या लहान देशातून राजाला पळून जावे लागले. लोकांनीच पळवून लावला. पण बंड करणाऱ्यांच्या कमरेला परदेशी नाणी सापडली, आणि हे सगळे बाहेरच्यांनीच घडवले असे जो तो बोलू लागला. आपले काही चुकले असेल, असे एकाच्याही तोंडून निघेना.

त्या देशातल्या एका वृद्ध गुरूंचा एक शिष्य होता. मनाने निर्मळ, डोक्याने तापट. एका संध्याकाळी तो काठी घेऊन गुरूंपुढे उभा राहिला.

"गुरुजी, उद्या आम्ही बाजारातल्या त्या परदेशी व्यापाऱ्याचं दुकान जाळणार. आशीर्वाद द्या."

"देतो की. आधी त्याच्याच घरून चमचाभर विरजण आण. आपलं संपलंय."

"त्याच्या घरून?"

"मग काय राजवाड्यातून आणतोस? जा. सकाळी दहीभात खा आणि मग जाळ. उपाशीपोटी काय जाळणार तू?"

शिष्य तणतणत गेला. व्यापाऱ्याच्या बायकोने वाटीत विरजण दिले आणि मागचीही वाटी अजून आली नाही म्हणून त्याला सुनावले.

गुरूंनी दुधाची दोन भांडी घेतली. एकातले दूध तापवून कोमट केलेले, दुसऱ्यातले विहिरीत सोडून गार केलेले. दोन्हींत त्याच वाटीतले विरजण घातले. कोमट भांडे चुलीजवळ ठेवले आणि गार भांडे पुन्हा विहिरीत सोडले. शिष्याला वाटले, म्हातारपणी गुरुजींना भ्रम झाला.

दिवस थंडीचे होते. सकाळी चुलीजवळचे दही घट्ट लागले होते. विहिरीतले दूध तसेच पातळ.

"विरजण एकच ना रे? मग हे का नाही लागलं?"

"ऊब नाही मिळाली. लागेल कसं?"

"एवढं कळतं, तर ऐक. परक्यांनी चमचा घातला हे खरं. त्यांचा डोळा आपल्या बंदरावर आहे. तोच चमचा त्यांनी पलीकडच्या देशातही घातला होता, तिथं काही लागलं नाही. आपलं दूध तापवलं कोणी? दुष्काळात कोठारं बंद ठेवली कोणी? बोलणाऱ्याला कोंडलं कोणी? राजानं मेव्हण्यांना हुद्दे वाटले, तेव्हा आपण त्यांच्या पंगतीला लाडू मोडत होतो. तूही होतास, मीही होतो. आणि त्या व्यापाऱ्याचं कापड तर याच मेव्हण्यांनी फुकट उचलून नेलं. त्याला जाळून काय मिळवणार, गाढवा?"

शिष्याने हातातली काठी खाली टेकवली. मग म्हणाला, "मग राजाला परत आणायचं का?"

"दह्याचं पुन्हा दूध झालेलं पाहिलंस कधी? आता घुसळायचं. लोणी काढायचं की नासू द्यायचं, ते आपल्या हातात." गुरूंनी त्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि रवी दिली. "बैस. आणि हळू, सांडशील."

लोणी आल्यावर शिष्याने वाटी घासली, तीत लोण्याचा गोळा ठेवला आणि न सांगताच बाजाराकडे निघाला. काठी कोपऱ्यातच राहिली.

"अरे, मागचीही वाटी ने," गुरू आतून म्हणाले. "ती बाई मला बोलते."